प्रीडायबेटिसला, म्हणजे मधुमेहाच्या अलीकडच्या अवस्थेला, आयुर्वेदात नक्की काय म्हणायचं, आणि उपचार कुठून सुरू करायचे?

भरडधान्य

मी आहारसल्ला देते. त्यात वारंवार समोर येणारा एक नमुना पुढे ठेवते. पुरुष, वय ४४, उंची १६८ सेंमी, वजन ८२ किलो, कंबर ९८ सेंमी. उपाशीपोटी साखर ११४ मिग्रॅ/डेसिली; ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १६२; एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१ टक्के. तक्रार एकही नाही. आधुनिक औषध अजून सुरू नाही.

अशा रिपोर्टवर तीन वैद्यांकडून तीन निदानं मिळतात. एक म्हणतात प्रमेहाचं (मधुमेह ज्यात येतो त्या लघवीच्या विकारांचं) पूर्वरूप, म्हणजे आधीची लक्षणं, दुसरे म्हणतात नुसतं स्थौल्य, म्हणजे लठ्ठपणा, तिसरे थेट मधुमेहाच्या गोळ्या लिहून देतात. त्यामुळे आहार आखताना गोंधळ होतो. विचारायचं ते असं:

१. ग्रंथांच्या भाषेत ही अवस्था कुठे बसते? आणि नाव ठरल्याने उपचारात खरंच फरक पडतो का?

२. निशा-आमलकी (हळद-आवळा), गुडमार, विजयसार, जांभूळबी, मेथी यांतलं काय, किती, कोणत्या क्रमाने? सगळं एकत्र दळून एक चमचा, असं चूर्ण सर्रास दिलं जातं. ते कितपत बरोबर?

३. आधीच गोळ्या सुरू असलेल्यांनी यातलं काही घेतलं तर नेमका धोका कुठे असतो?

"साखर बंद करा, गूळ चालेल" छापाची उत्तरं नकोत. ती भरपूर गोळा झाली आहेत.

---

कषायकल्प

गुळापासूनच सुरुवात करू, कारण ते सर्वांत सोपं आहे. चरकाने चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात प्रमेहाची कारणं एका श्लोकात दिली आहेत: 'आस्यासुखं स्वप्नसुखं दधीनि ग्राम्यौदकानूपरसाः पयांसि । नवान्नपानं गुडवैकृतं च प्रमेहहेतुः कफकृच्च सर्वम् ॥' म्हणजे आरामात बसून राहणं, झोपेचं सुख, दही, पाळीव, जलचर आणि पाणथळ भागातल्या प्राण्यांचं मांस, दूध, नवं धान्य आणि गुळाचे प्रकार. साखरेऐवजी गूळ सांगणारा आयुर्वेदाचं नाव घेतो आणि आयुर्वेदाने कारण म्हणून सांगितलेली वस्तूच ताटात वाढतो.

आता नाव. 'पूर्वरूप' म्हणणारे अर्धे बरोबर आहेत. ग्रंथांत प्रमेहाची ओळख लघवीवरून होते. वाग्भटाने सामान्य लक्षण दिलं आहे 'प्रभूताविलमूत्रता', म्हणजे भरपूर आणि गढूळ लघवी. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाची ती परत शोषून घेण्याची ताकद संपते आणि साखर लघवीत उतरते. तुमच्या नमुन्यातला माणूस दोन तासांनीही १६२ वर आहे. त्याच्या लघवीला मुंग्या लागणार नाहीत. म्हणजे रूप, प्रत्यक्ष रोगलक्षण, नाही.

आणि पूर्वरूपंही ठरलेली आहेत: तोंड गोड वाटणं, हातापायांची आग, तहान, आळस, केसांत गुंता, दातांवर आणि टाळ्यात मळ साठणं, अंगाला व लघवीला मुंग्या लागणं. यांतलं एकही नसेल तर काटेकोरपणे पूर्वरूपही म्हणता येत नाही. सुश्रुताच्या षट्क्रियाकालात, म्हणजे रोग घडण्याच्या सहा पायऱ्यांत, बसवायचं तर पूर्वरूप म्हणजे चौथी पायरी, स्थानसंश्रय. हा माणूस त्याच्याही अलीकडे आहे. हेतुसेवन (रोगाच्या कारणांचं सेवन) चालू आहे, कफ आणि मेद साचताहेत, पण बस्तीपर्यंत, म्हणजे मूत्राशयापर्यंत, काही पोचलेलं नाही. ग्रंथ लघवी बघून बोलतात, प्रयोगशाळा रक्त बघून. म्हणून प्रयोगशाळा काही वर्षं आधी सांगू शकते. त्यात ग्रंथांना कमीपणा नाही आणि 'आम्हाला प्रीडायबेटिस आधीच माहीत होता' अशी फुशारकी मारायलाही जागा नाही.

नावाने फरक पडतो का? पडतो, पण वेगळ्या ठिकाणी. चरक निदानस्थानात प्रमेहाचा दोष सांगतो 'बहुद्रव श्लेष्मा' आणि दूष्यांत (दोषाने बिघडणाऱ्या घटकांत) पहिलं 'बहु-अबद्ध मेद', म्हणजे पुष्कळ आणि सैल, न बांधलेला मेद. सोबत मांस, क्लेद (अंगातला जादा ओलावा), वसा, लसीका, ओज इत्यादी. अबद्ध मेद म्हणजे पोटातली चरबी असं आज बरेच जण लिहितात. साम्य मनात भरणारं आहे, पण ते साम्यच, पुरावा नव्हे. व्यवहारात महत्त्वाचं इतकंच की उपचाराचं लक्ष्य साखर नसून क्लेद आणि मेद आहे.

वीस प्रमेहांपैकी दहा कफज साध्य, सहा पित्तज याप्य (पूर्ण बरे न होणारे, पण आटोक्यात राहणारे), चार वातज असाध्य. मधुमेह हा वातज चारांपैकी एक. कफजात दोष आणि दूष्य दोघांनाही एकच चिकित्सा लागू पडते, म्हणून ते साध्य. पित्तजात दोषाला हितकर ते मेदाला मारक नसतं, म्हणून ओढाताण. आणि सुश्रुत बजावतो की वेळेत उपचार न केलेले सगळेच प्रमेह पुढे मधुमेहात जातात व मग असाध्य होतात. तेव्हा तिसऱ्या वैद्यांनी मधुमेहाच्या गोळ्या लिहिल्या त्यात घाई झाली. या माणसाची जागा कफज-साध्य बाजूला आहे आणि तिथे औषधाचा क्रमांक शेवटचा.

याहून मोठी विभागणी स्थूल आणि कृश ही आहे. 'स्थूलः प्रमेही बलवानिहैकः कृशस्तथैकः परिदुर्बलश्च'. स्थूलाला शोधन-अपतर्पण, म्हणजे शरीरशुद्धी आणि हलकं करणं; कृशाला संबृंहण, म्हणजे पोषण. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. वजन उतरत चाललेल्या, सडपातळ मधुमेहीला कुणीतरी रात्रीचं जेवण सोडायला लावतं, कडू रस पाजतं, तासभर पळवतं. त्याचा वात आणखी वाढतो, स्नायू झडतात, साखर मात्र जिथल्या तिथे. वाग्भटानेही मधुमेहाच्या दोन वाटा सांगितल्या: धातुक्षयाने कोपलेला वायू, किंवा दोषांनी मार्ग अडवल्याने कोपलेला वायू. तुमचा नमुना दुसऱ्या वाटेवरचा आहे.

त्याच्यासाठी क्रम असा:

पहिले दोन आठवडे फक्त हेतू, म्हणजे कारणं, काढा. दिवसाची झोप, दही, रात्रीचं दूध, गोड, मैदा, नवं धान्य बंद. धान्य किमान वर्षभर जुनं. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी. दोन जेवणांच्या मध्ये चहासोबतही काही नाही. या काळात औषध देऊ नये, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

सोबत व्यायाम. सुश्रुताने निर्धन प्रमेह्याला अनवाणी, बिनछत्रीचं, भिक्षेवर राहून शंभर योजनं चालायला सांगितलं, नाहीतर विहीर खणायला. अतिशयोक्ती वाटते, पण मुद्दा पक्का आहे: घाम फुटेल आणि मोठे स्नायू कामाला लागतील असे श्रम. आजच्या भाषेत रोज ४५ मिनिटं भरभर चालणं, आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, जोर किंवा वजनं, आणि प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश फेरी. ही फेरी कुणी मनावर घेत नाही. जेवणानंतरचा साखरेचा उंचवटा मात्र तीच खाली आणते.

तिसरं उद्वर्तन. त्रिफळा किंवा कुळथाचं कोरडं पीठ अंघोळीआधी दहा मिनिटं अंगावर खालून वर चोळायचं. चरकाने व्यायामाला जोडूनच हे सांगितलं आहे. याने साखर उतरते असा दावा मी करणार नाही. अंगाचा जडपणा जातो आणि माणूस चालायला तयार होतो.

औषधाचं इथले सदस्य 'खलबत्ता' यांनी लिहावं, त्यांचा हात त्यात जास्त बसलेला आहे.

---

वॉर्डराउंड

आकड्यांची बाजू मी मांडतो.

उपाशी १०० ते १२५, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० ते १९९, एचबीए१सी ५.७ ते ६.४, यांपैकी काहीही असेल तर अमेरिकन निकषांनी प्रीडायबेटिस. जागतिक आरोग्य संघटना उपाशी साखरेची रेघ ११० वर ओढते. १२६, २०० आणि ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारू नका, पुन्हा तपासा.

एचबीए१सीवर आंधळा विश्वास नको. लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग असेल तर आकडा खोटा वर दिसतो. थॅलेसेमिया, रक्तपेशी लवकर फुटणारे आजार किंवा नुकतंच रक्त दिलेलं असेल तर खोटा खाली. म्हणून हिमोग्लोबिन सोबत बघा. पांडुरोगाच्या बाईला लोह सुरू केलं, तीन महिन्यांत एचबीए१सी ६.३ वरून ५.९ झालं आणि श्रेय चूर्णाला गेलं, असं सहज घडू शकतं.

वजनाचं उद्दिष्ट ठोस द्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटं श्रम, एवढ्यावर मधुमेहाकडे जाणं ५८ टक्क्यांनी घटलं; मेटफॉर्मिनने ३१. भारतातल्या २००६ च्या चाचणीत जीवनशैलीने २८.५ आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्के घट झाली. दोन्ही एकत्र करून जास्तीचा फायदा दिसला नाही. ८२ किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे पावणेसहा किलो. 'वजन कमी करा' यापेक्षा 'सहा महिन्यांत ७६' हे बरं. भारतीय पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी, स्त्रीची ८०.

आता तिसरा प्रश्न. गोळ्या चालू असताना धोका सगळीकडे सारखा नसतो. तो कोणती गोळी आहे त्यावर ठरतो.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्शुलिन: इथे गुडमार, कारलं, मेथी चढवली किंवा जेवण टाळलं की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, बोलण्यात गोंधळ. लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. वोग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर घरची साखर किंवा गूळ उपयोगी पडत नाही, कारण ती गोळी साखरेचं विघटनच रोखते. तिथे ग्लुकोजच हवं. हा बारकावा घरच्यांना आधी सांगून ठेवा, त्या क्षणी सुचत नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन: हा सर्वांत दुर्लक्षित धोका. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यावर कडक लंघन (उपास), वमन (औषधाने उलट्या) किंवा विरेचन (औषधाने जुलाब) केलं तर पाणी तुटतं आणि रक्तात कीटोन वाढून आम्ल होतं, तेही साखर २०० च्या आत असताना. ग्लुकोमीटर बघून सगळं ठीक वाटतं. मळमळ, उलटी, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास ही त्याची लक्षणं. वमनाच्या दिवशी पहिल्या दोन लक्षणांकडे कोण बघणार? शस्त्रक्रियेआधी ही गोळी निदान तीन दिवस थांबवतात. शोधनाआधीही तोच विचार हवा, आणि तो गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच.

मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर फार खाली जाण्याची भीती कमी. जुलाबाने पाणी तुटलं तर मात्र काही दिवस थांबवावं लागतं.

आणि चूर्णांची वाटच बघायची नाही असे काही जण असतात: झपाट्याने वजन घटणारे, रात्रीतून चार-पाचदा उठणारे, लघवीत कीटोन असणारे, गरोदर स्त्रिया, आणि पस्तिशीचा सडपातळ माणूस ज्याची साखर गोळ्यांना दाद देत नाही. हा शेवटचा बऱ्याचदा टाइप १ च्या संथ प्रकारातला निघतो. टाइप १ मध्ये इन्शुलिन बंद करून कुठलाही प्रयोग करणं म्हणजे जिवाशी खेळ.

---

खलबत्ता

मिश्रणापासून सुरुवात करतो. पाच-सात चूर्णं एकत्र दळून एक चमचा दिला तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा-पाऊण ग्रॅम येतं. कुठल्याच द्रव्याची मात्रा पुरत नाही. पोट बिघडलं तर कशाने बिघडलं तेही कळत नाही. एका वेळी एक द्रव्य, सहा आठवडे, मग निर्णय.

या नमुन्यासाठी पहिलं द्रव्य निशा-आमलकी. वाग्भटाच्या अग्र्य, म्हणजे त्या त्या रोगावरच्या श्रेष्ठ, द्रव्यांच्या यादीत 'मेहेषु धात्रीनिशे' असं थेट नाव आहे. चरकानेही आवळ्याच्या रसातून हळद दिली आहे. समभाग चूर्ण मिसळूनही चालतं, पण भावना दिलेलं, म्हणजे रसात घोटून वाळवलेलं, सरस. कृती: १०० ग्रॅम हळकुंडांची घरी कुटून वस्त्रगाळ केलेली पूड. बाजारची पिवळीजर्द पूड नको, रंगासाठी शिशाचा क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं हळदीत आढळली आहेत. ताज्या आवळ्याचा गाळलेला रस पूड भिजून लगदा होईल इतकाच घालायचा. खलात कोरडं पडेपर्यंत घोटायचं, सावलीत पसरून पूर्ण वाळवायचं. ही एक भावना, अशा सात. इथे चूक होते ती घाईने. आतून ओलं असताना पुढचा रस घातला की बुरशी धरते आणि आंबूस वास येतो. असं चूर्ण टाकून द्यावं, वाळवून वाचत नाही. लोखंडी खल वापरू नका, आवळ्याने काळं पडतं.

मात्रा ३ ग्रॅम, दोन वेळा, जेवणाआधी कोमट पाण्याबरोबर. ग्रंथात मध आहे. तो जुना, लेखन गुणाचा, म्हणजे मेद खरवडणारा, मध. बाटलीतल्या मधाच्या एका चमच्यात पाच-सहा ग्रॅम साखरच जाते, तेव्हा अनुपान, म्हणजे सोबत घ्यायचं ते, पाणी. पित्ताशयात खडे, वारंवार मुतखडा, रक्त पातळ करणारी औषधं, यांत हळद या मात्रेत नको. आणि कर्क्युमिन व मिरीचा अर्क असलेल्या कॅप्सूल म्हणजे हळद नव्हे. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

दुसरा पर्याय काढा, चरकाचाच: दारुहळद, देवदार, त्रिफळा, नागरमोथा. समभाग भरड १० ग्रॅम, पाणी १६० मिली, मंद आचेवर झाकण न ठेवता ४० मिली उरेपर्यंत. रोज ताजा. जड अंगाच्या, जिभेवर पांढरा थर असलेल्या माणसाला हा जास्त मानवतो. चरकाच्या प्रमेहाच्या त्याच अध्यायातला फलत्रिकादी काढाही प्रसिद्ध आहे, पण त्यात विशाला म्हणजे इंद्रवारुणी आहे. ती तीव्र रेचक. भरड घरी मिसळताना प्रमाण थोडं चुकलं तरी मुरड्यासह जुलाब होतात. गरोदरपणी तर अजिबात नको.

बाकीची द्रव्यं थोडक्यात.

गुडमार: पानांचं चूर्ण २ ते ४ ग्रॅम. अस्सलपणा तपासणं सोपं. चिमूटभर चूर्ण जिभेवर मिनिटभर घोळवून चूळ भरा आणि साखर तोंडात टाका. वाळूसारखी लागली तर माल खरा. गोड लागली तर जुना किंवा भेसळीचा. गोडाची ओढ फार असलेल्यांना जेवणाआधी पंधरा मिनिटं असंच घोळवून दिलं तर नंतरचं गोड आपोआप टळतं.

विजयसार: काष्ठाचं चूर्ण किंवा अर्क. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नव्या रुग्णांत याची बहुकेंद्री चाचणी केली होती, निष्कर्ष उत्साहवर्धक होते. पण ती तुलनागट नसलेली, खुली चाचणी होती हे सांगणारे कमी. लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याला सुंदर निळसर झाक येते, मात्र त्यात किती द्रव्य उतरलं याचा भरवसा नाही. आणि पाणी रंग धरेनासं झालं तरी वर्षभर तोच पेला वापरणारे आहेत. रंग गेला, पेला गेला.

जांभूळबी: सालीशिवाय गर वाळवून, ३ ग्रॅम दोनदा. कषाय, म्हणजे तुरट, असल्याने मलावष्टंभ करते. तो त्रास आधीच असेल तर सोडून द्या.

मेथी: ही नंतरच्या निघंटूंतली, म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशांतली. १० ग्रॅम रात्री भिजवून सकाळी चावून. ती बुळबुळीत असते, म्हणून थायरॉइडची गोळी आणि मेथी यांत काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जाणार नाही.

गुळवेल: चांगलं द्रव्य, पण यकृताच्या स्वयंप्रतिकार आजाराच्या रुग्णात टाळा. २०२१ मध्ये मुंबईतून यकृतदाहाचे रुग्ण नोंदवले गेले. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी, दुसऱ्या जातीची गुळवेल असावी. वाद काहीही असो, दोन महिन्यांहून जास्त द्यायची तर यकृताची तपासणी करून घ्यावी.

चंद्रप्रभा वटीत साखर घटक म्हणून आहे हे ऐकून लोक दचकतात. गोळीमागे ती नगण्य आहे. आसव-अरिष्टांतला गूळ आणि अवलेहांतली साखर मात्र नगण्य नाही. मधुमेह्याला च्यवनप्राश आणि वरून नियंत्रणाचं चूर्ण देणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणं.

वसंतकुसुमाकर आणि त्रिवंग ही धातूंच्या भस्मांची औषधं या अवस्थेत नकोतच. पहिल्यात सुवर्ण, रौप्य, नाग, वंग, लोह. दुसऱ्यात नाग, वंग, यशद. नाग म्हणजे शिसं. कृश, धातुक्षीण रुग्णासाठीचं हे शस्त्र आहे. तिथेही क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघून, मोजक्या दिवसांसाठी, वैद्याच्या नजरेखाली. वेष्टनावर देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली नसेल तर ती बाटली घेऊ नका.

भेसळीची खूण: सुट्या पुडीने चार दिवसांत उपाशी साखर साठ-सत्तरने उतरली तर आनंद मानू नका. अशा पुड्यांत ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन सापडलेलं आहे. वनस्पती इतक्या घाईत काम करत नाहीत. आणि मधुमेह 'मुळापासून घालवण्याची' जाहिरात करणं १९५४ च्या जादुई उपाय कायद्याखाली गुन्हा आहे. जाहिरात बघूनच निर्णय होतो.

---

भरडधान्य

तिघांचेही आभार. 'एका वेळी एक द्रव्य' हे सरळ पाटीवर लिहून लावते. दोन उपप्रश्न. जव ग्रंथांत इतका सांगितला आहे, पण लोक दोन दिवसांत सोडतात, भाकरी जमत नाही म्हणतात. आणि सकाळी कारलं-दुधीचा एकत्र रस घ्यावा का? शिवाय या नमुन्याला पंचकर्म करावं का, हेही.

---

खलबत्ता

रसाचं आधी. कारलं आणि दुधी एकत्र कधीही नाही. दुधी क्वचित कडू निघतो. तो कडवटपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा. त्याच्या रसाने रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणं आणि मृत्यूही झालेले आहेत. एकट्या दुधीत कडू चव लगेच कळते आणि माणूस थुंकतो. कारल्यात मिसळला की कळायची सोयच राहत नाही. दुधी रसासाठी घ्यायचाच तर आधी एक चकती चाखून बघावी, कडू असेल तर सगळा फेकावा. कारल्याचा रस २० ते ३० मिली, तोही सलग महिनोन्‌महिने नको, आम्लपित्त वाढतं. कारल्याची भाजी आठवड्यातून तीनदा खाणं जास्त निभतं.

---

कषायकल्प

जव. पहिली अडचण नावाची. जव म्हणजे सातू. जवस म्हणजे अळशी. दुकानात 'जव द्या' म्हटलं की जवस हातात पडतं. बाजारचं 'सातूचं पीठ' म्हणजे बहुधा गहू आणि डाळ्यांचं मिश्रण, कधी गूळही. तर अख्खा, सालीसकट पण टरफल काढलेला जव घ्या आणि स्वतः दळून आणा. पांढरा, चकचकीत, घासून गोल केलेला दाणा नको, त्याची बाहेरची थरं गेलेली असतात. आणि जव शिजवून गाळलेलं पाणी म्हणजे जव नव्हे. उपयोगाचा बराच भाग गाळणीत राहतो.

भाकरी का बिघडते? जवातला चिकट तंतू, बीटा-ग्लुकन, पाणी सावकाश पितो. पीठ भिजवल्यावर ठीक वाटतं, पाच मिनिटांत घट्ट होतं आणि कडा फाटतात. उकळतं पाणी घालून पीठ झाकून दहा मिनिटं ठेवा, मग पुन्हा पाण्याचा हात लावून मळा. पहिला आठवडा एक भाग जव, दोन भाग ज्वारी, मग हळूहळू उलट. एकदम पूर्ण जव दिला की पोट फुगतं आणि माणूस सोडतो. खरं कारण चव नसतं, वात असतो. पिठात ओवा घाला. एका जेवणाला पीठ ६० ग्रॅमच्या आसपास. जव आहे म्हणून दुप्पट खाल्ला तर साखर वाढणारच.

न जमणाऱ्यांसाठी मंथ: भाजलेल्या जवाचं पीठ २० ग्रॅम, पाणी २०० मिली, घुसळून, चिमूट सैंधव आणि जिरं. संध्याकाळच्या भुकेला उत्तम. चरकाने जव रात्रभर त्रिफळ्याच्या काढ्यात भिजवायलाही सांगितलं आहे. ते करून बघायचं तर पहिले चार दिवस शौचाला सैल होईल, हे आधी सांगून ठेवा. गव्हाची चिकटी न चालणाऱ्यांना, म्हणजे सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना, जवही चालत नाही.

पंचकर्म. हा माणूस स्थूल, बलवान, कफप्रधान आहे, तेव्हा शोधनाला पात्र. पण लगेच नाही. तीन महिने वरचं सगळं करून वजन अडकलं तर वसंतात वमन, किंवा तेवढी तयारी नसेल तर विरेचन. शोधनाआधी स्नेहपानाचे, म्हणजे तूप पिण्याचे, तीन ते सात दिवस चढत्या मात्रेत तूप जातं. यकृतात चरबी आणि ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असतील तर ते आधी तपासा. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असताना तूप चढवणं स्वादुपिंडाला महागात पडू शकतं.

स्वेदनाबद्दल, म्हणजे वाफेने घाम काढण्याबद्दल, चरकाची सूचना अनेक केंद्रं विसरतात: सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात ज्यांना स्वेदन करू नये त्यांच्या यादीत मधुमेही आहे. आजच्या नजरेनेही ते पटतं. पायाची संवेदना गेलेल्याला वाफ किती गरम ते कळत नाही आणि फोड येतात. इन्शुलिन घेणाऱ्यात उष्णतेने ते लवकर शोषलं जाऊन साखर पडते. तुमच्या नमुन्याला मृदू स्वेद चालेल, जुन्या मधुमेह्याला पेटीत बसवू नका.

---

वॉर्डराउंड

एक जोड. तीन महिन्यांनी तपासताना तीच प्रयोगशाळा, तीच पद्धत, आणि उपाशी काळ आठ तासांहून कमी नको, बारा-चौदा तासही नको. एचबीए१सीत ०.१ - ०.२ चा फरक यंत्राचाही असू शकतो, त्यावर औषध बदलू नका. कंबर बघा, ती लवकर बोलते. ६.१ चं ६.३ झालं आणि वजन हललंच नाही, तर मेटफॉर्मिनचा विषय काढायला संकोच नको. बीएमआय ३५ च्या पुढे असेल किंवा आधी गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर तो विषय पहिल्याच भेटीत काढलेला बरा.

---

कषायकल्प

सहमत. आणि मेटफॉर्मिन सुरू झालं म्हणून जव बंद करायचा नाही, हेही त्याच भेटीत सांगा. गोळी मिळाली की लोक पहिल्यांदा भाकरी सोडतात आणि मग चालणं.